डेक सव्वाआठ, ट्रक्स किती?

चाकं आणि नटबोल्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी कासारवडवलीला राहतो, वय 19. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून स्केटबोर्डचा सव्वाआठ इंची डेक, म्हणजे नुसती फळी, घेतला, खाली 8.25 छापलेलं आहे. आता ट्रक्स, म्हणजे फळीखाली चाकं धरणारे धातूचे सांगाडे, घ्यायचे आहेत. ग्रुपमधला एक दादा त्याचे वापरलेले इंडिपेंडंटचे 149 निम्म्या किमतीत देतोय. दुकानदार म्हणतो, थंडरचे 147 नवेकोरे आहेत, नंबर जवळपास सारखाच, काही फरक पडत नाही. तिसरा मित्र म्हणतो, सव्वाआठला 144च लागतात, नाहीतर डेक वाया गेला समज. मोजायला घरी शाळेतली पट्टी सोडून काही नाही. काय करू?

उत्तर : पट्टी तीस सेंटिमीटरची असेल तर तेवढी पुरे. आणि ते नंबर सध्या बाजूला ठेव. मी रबाळे एमआयडीसीत टर्निंगच्या एका कारखान्यात तपासणीला होते. तिथे कागदावर काय लिहिलंय ते नंतर बघायचं, हातातला नग आधी मोजायचा. ती सवय दुकानात बसायला लागल्यावरही सुटली नाही.

डेक उलटा कर. पुढच्या-मागच्या भोकांच्या मधे, जिथे फळी सगळ्यात रुंद असते, तिथे पट्टी आडवी धर. सव्वाआठ म्हणजे 209.5 मिलिमीटर, तेव्हा 210च्या जवळपास भरायला हवं. छापलेल्या आकड्यापेक्षा एखादा मिलिमीटर कमी-जास्त निघतो, त्याचं काही नाही. मग दादाकडे जाऊन ट्रकचा ॲक्सल मोज, म्हणजे चाकं ज्यावर बसतात ती पोलादी दांडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हँगर नाही, ॲक्सल. डेकची रुंदी आणि ॲक्सलची लांबी जुळली की ट्रक्स मापाचे. दोन सुतांपर्यंत, म्हणजे पाव इंचापर्यंत, इकडेतिकडे झालं तरी चालतं. पट्टीवर बघायला सोपं जावं म्हणून देते : पावणेआठ इंच म्हणजे 197 मिलिमीटर, आठ म्हणजे 203, सव्वाआठ 210, साडेआठ 216.

आता नंबरांचा घोळ. इंडिपेंडंट ही 1978 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. तिचा आकडा म्हणजे हँगरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. हँगर म्हणजे ॲक्सल ज्याच्या पोटातून आरपार जातो तो जाड आडवा भाग, चाकं त्याच्या बाहेर दोन्ही अंगांना बसतात. 139च्या हँगरला ॲक्सल आठ इंच. 203मधून 139 वजा कर, उरले 64, म्हणजे प्रत्येक बाजूला 32 मिलिमीटर दांडी बाहेर. त्यात एक चाक, दोन पातळ वॉशर आणि नट. त्यांचा 144 सव्वाआठचा, 149 साडेआठचा, 159 पावणेनऊचा.

थंडरवाल्यांचा हिशेबच वेगळा. त्यांचा 147 आठ इंची, 148 सव्वाआठ, 149 साडेआठ. म्हणजे थंडरचा 147 हा इंडिपेंडंटच्या 144 पेक्षा अरुंद! आकडा मोठा, माल लहान. व्हेंचर तर हँगरचं माप इंचात सांगतात, त्यांचा 5.2 हा आठ इंची डेकचा. तेव्हा ‘नंबर सारखाच आहे’ म्हणणाऱ्या तुझ्या दुकानदाराने दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे एका रांगेत लावले. पुढच्या वेळी त्याला एवढंच विचार, ‘ॲक्सल किती इंच?’ उत्तर आलं नाही तर खिशातली पट्टी काढ.

तुझ्यापुढे आता तीन पर्याय. 144 घेतलेस तर चाक फळीच्या कडेशी बरोबर. थंडरचे 147 घेतलेस तर प्रत्येक बाजूला चाक एक सूत आत. दादाचे 149 घेतलेस तर एक सूत बाहेर. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. डेक वाया वगैरे काही जात नाही, त्या तिसऱ्या मित्राला सांग. तिन्ही चालतात, पण तिन्हींवर उभं राहिल्यावर वेगळं वाटतं.

चाक आत असलं की फळीची कड चाकाच्या पलीकडे लोंबते. त्या कडेवर पाय दाबलास की फळी पटकन कलते. वळायला चपळ वाटतं, पण उडी मारून उतरताना पाय जरा कडेला पडला तर डगमगतं आणि फळी चाकावर घासायची शक्यता वाढते. चाक बाहेर असलं की बोर्ड चारही बाजूंनी पाय रोवून उभा राहतो, कलवायला थोडा जास्त जोर लागतो. मात्र फार बाहेर गेलं, म्हणजे पाव इंचाच्या पुढे, की ढकलताना पायाची टाच चाकाला लागते आणि फ्लिप मारताना (हवेत फळी गरकन फिरवताना) बोर्ड सुस्त वाटतो. ट्रक्स जितके रुंद तितकं वजनही जास्त.

मी तुझ्या जागी असते तर दादाचे 149 घेतले असते. ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट मारायची उडी, अजून पक्की नसेल तर तो एक सुताचा जास्तीचा आधार उपयोगीच पडतो. दुसरं कारण पैशाचं. डेक हा संपणारा माल आहे. कडा उडतात, टेल (मागचं टोक) झिजते, पावसात फळीचे थर सुटतात, कधी सरळ मधोमध मोडतो. ट्रक्स मात्र चार-पाच डेक बघून जातात. पुढचा डेक तू साडेआठ घेतलास तर हेच ट्रक्स तंतोतंत बसतील, आणि पुन्हा सव्वाआठ घेतलास तरी चालतील. पुढचा डेक आठचा घ्यायचा विचार असेल तर मात्र 149 नको. तेव्हा 144 घे, तो दोन्हीकडे चालेल.

पण वापरलेले घेताना तपासून घे. दादा भला असेल, धातूला नातं कळत नाही.

चाकं ट्रक्सवरच असू देत. बोर्ड घरी आणून ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेव (आई घरी नसताना). खाली कागद-फडकं काही नको. डोळे ओट्याच्या पातळीला आणून प्रत्येक चाकाकडे बघ. चाकाचा अख्खा पट्टा दगडाला टेकला पाहिजे. एखादं चाक आतल्या नाहीतर बाहेरच्या काठावर उभं दिसलं तर चाक बदलून बघ, आणि तरी तसंच दिसलं तर ॲक्सल वाकलाय. वाकलेला ॲक्सल ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, तो पुन्हा तिथेच वाकतो.

मग चाकं काढ आणि ॲक्सलच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोक. दांडी हँगरमधून आडवी सरकली तर ते ट्रक्स घेऊ नकोस. अशा ट्रकवर एका बाजूचं चाक आवळलं जातं, दुसऱ्या बाजूचं खुळखुळतं, आणि तू बेअरिंगला शिव्या देत बसतोस. नट बोटांनी फिरवून बघ. आतल्या नायलॉनपर्यंत तो हातानेच सरकायला हवा, आधीच अडकला तर आटे खराब आहेत. ग्राइंड मारून (कठड्यावर ट्रक घासत नेऊन) हँगरच्या मधे खाच पडलेली असेल, ती खेळाची खूण आहे, घाबरू नकोस. पण त्या खाचेतून आतली पोलादी दांडी दिसायला लागली असेल तर आयुष्य संपलं. बेसप्लेट (ट्रकचा फळीला जोडायचा तळ) उलटी करून किंगपिनच्या, म्हणजे मधल्या उभ्या बोल्टच्या, भोवती केसासारखी तडा आहे का तेही उजेडात बघ.

बुशिंग फाटलेली असतील, पिव्हट कप चेपलेले असतील, तर त्यावरून व्यवहार मोडू नकोस. ते रबरी सामान आहे, थोडक्या पैशात नवं मिळतं. त्याचे पैसे मात्र किमतीतून कापून घे.

आणि एक, चाकांची जाडी. बारीक, निमुळत्या चाकाने बोर्ड अरुंद दिसतो, जाड चौकोनी चाकाने तेच ट्रक्स रुंद वाटतात. म्हणून शेवटचा निकाल चाकं चढवून, वरून फळीच्या कडेवर पट्टी उभी धरून लाव.

— — —

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, वजन 24 किलो. ऐरोलीत स्केटिंगच्या क्लासला जाते, आता तिला स्केटबोर्ड हवा होता. दुकानात लहान मुलांचा सव्वासात इंची होता, पण विक्रेता म्हणाला आठचा घ्या, चार वर्षं बघायला नको. आठचा आणला. ती सरळ छान जाते, पण बोर्ड वळतच नाही, रडकुंडीला येते. क्लासचे सर म्हणतात ट्रक्स रुंद झालेत, अरुंद घ्या. खरंच बदलावे लागतील का? आणि सासूबाईंचं म्हणणं, मुलीला हे असलं कशाला. त्याचंही उत्तर तुम्हीच द्या!

उत्तर : शाळेचा गणवेश आपण वाढत्या मापाचा घेतो आणि बाही दुमडतो. बोर्डाची बाही दुमडता येत नाही, हे विक्रेत्याला ठाऊक असतं, पण दुकानात सव्वासातचा शिल्लक असला तरी आठचा महाग असतो.

तरीही ट्रक्स बदलू नका. तयार बोर्ड घेतलाय म्हणजे आठच्या फळीला आठचेच ट्रक्स असणार, ते जुळलेले आहेत. त्याच फळीखाली अरुंद ट्रक्स लावले तर बोर्ड पटकन कलेल खरा, पण कलंडेलही जास्त, मग रडणं वेगळ्या कारणाने सुरू होईल.

दोष बहुधा बुशिंगचा. ट्रकच्या मधोमध जो उभा बोल्ट असतो, किंगपिन, त्यावर दोन रबरासारखी गोल चकत्या असतात. बोर्डावर कललं की त्या दबतात, आणि त्या दबल्या की चाकं वळतात. त्यांचा कडकपणा ए मापावर मोजतात, आकडा मोठा तितकं रबर कडक. तयार बोर्डांत 90च्या आगेमागे किंवा त्याहून कडक येतात, मोठ्या माणसाच्या वजनाला धरून. 24 किलोच्या पोरीने कितीही जीव काढला तरी त्या दबणार कशा?

किंगपिनचा नट अर्धा फेरा सैल करा, दोन्ही ट्रक्सचा सारखाच. तिला चालवू द्या. नाही जमलं तर आणखी अर्धा. बोल्टचा आटा नटाच्या वर दिसत राहिला पाहिजे, तो आत गेला तर थांबा, नट वाटेत निघून पडेल. एवढ्याने भागलं नाही तर 80च्या आसपासची मऊ बुशिंग घ्या. हे काम घरी पंधरा मिनिटांचं आहे, सरांना करायला सांगितलंत तर त्यांनाही कळेल.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तिला बूट घालून फळीवर आडवं पाऊल ठेवायला सांगा. टाच एका कडेला आणि बोटं दुसऱ्या कडेला पोचतात का? पोचत असतील तर आठची फळी तिला चालेल, थोडी जड जाईल इतकंच. पाऊल मधेच संपत असेल तर तिला कडेवर दाबच देता येणार नाही, मग बुशिंग कितीही मऊ लावा. तसं असेल तर सव्वासात किंवा साडेसातचा अख्खा बोर्ड घ्या आणि हा माळ्यावर ठेवा. नव्या बोर्डाचा हँगर धातूचा आहे ना ते बघा. खेळण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या हँगरवाले मिळतात, ते वळतही नाहीत आणि टिकतही नाहीत.

सासूबाईंना सांगा, 2022च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्रासाठी स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्ण जिंकलं. मुलगीच ती. आणि नातीच्या डोक्यावर हेल्मेट, मनगटावर गार्ड आहेत की नाहीत हे बघायचं काम सासूबाईंकडेच द्या. आज्यांइतकं कडक कोणी बघत नाही.

— — —

प्रश्न : मी वाशीला सेक्टर 9 मध्ये राहतो, मेकॅनिकल इंजिनीअर, निवृत्त. मुलाने अमेरिकेहून ऐंशीच्या दशकातला एक जुना डेक आणला, माशाच्या आकाराचा, मधे दहा इंच रुंद. नुसताच डेक, ट्रक्स नाहीत. इथे आणलेल्या ट्रक्सची भोकं जुळत नाहीत. नवी भोकं पाडावीत का? आणि ट्रक्स दहा इंची घ्यावेत ना? वयाच्या 64 व्या वर्षी हा उद्योग कशासाठी, ते मात्र विचारू नये.

उत्तर : नाही विचारत. गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारा.

भोकं पाडू नका, साहेब. जुन्या डेकना भोकांची लांबीची अंतरं अडीच इंच असायची. नव्वदच्या दशकापासून ती दोन इंच एक सुतावर आली. रुंदीचं अंतर मात्र तेव्हाही आणि आताही एक इंच पाच सूत. म्हणजे जुन्या भोकापासून तीन सुतांवर दुसरं भोक येणार. मेपलच्या पातळ थरांची ती फळी, आणि सगळा भार त्याच जागी. काय होईल ते मी इंजिनीअरला सांगायला नको. त्यापेक्षा सहा भोकांची बेसप्लेट असलेले ट्रक्स घ्या, इंडिपेंडंटच्या साध्या ट्रक्सना असतात. दोन्ही अंतरं त्यात बसतात.

रुंदीचं तुमचं गणित थोडं चुकतंय, कारण फळी मधे दहा असली तरी ट्रक मधे बसत नाही. अशा आकाराच्या फळ्या टेलकडे निमुळत्या होतात. आजच्या सरळ डेकला भोकांच्या मधे कुठेही मोजलं तरी चालतं, इथे नाही. पुढची आणि मागची भोकं जिथे आहेत, नेमकं तिथे आडवं माप घ्या. दोन वेगळे आकडे येतील. धाकटा आकडा धरा. समजा मागे सव्वानऊ भरलं, तर इंडिपेंडंटचा 169 घ्या, त्याचा ॲक्सल नऊ इंच एक सूत. पुढची फळी चाकाबाहेर थोडी लोंबेल, ती तशीच असते. मागेही दहाच्या जवळ भरलं तर 215, त्याचा ॲक्सल दहा इंच. तुमच्याकडे व्हर्निअर असेलच, पण एवढ्या रुंदीला तो पुरणार नाही. सुताराची पोलादी पट्टी चांगली.

पुढे एक आणि मागे दुसऱ्या मापाचा असं करून बघावंसं तुम्हाला वाटेल, मला माहितीय. वाटू द्या. पण वळताना पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळं ऐकतात, तेव्हा पहिल्यांदा उभं राहताना तरी जोडी सारखी ठेवा.

— — —

प्रश्न : मी नेरूळला राहते, ऑफिस सीवूड्सला. रिक्षासाठी थांबण्यापेक्षा बोर्डवर जावं म्हणून 60 मिलिमीटरची मऊ चाकं लावली. मागच्या आठवड्यात वळताना चाक फळीला घासलं, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी पुढे गेले. कोपर सोललं. जिथून घेतलं त्या दुकानात म्हणाले, रुंद ट्रक्स लावा, घासणं बंद. खरं का?

उत्तर : ट्रक्स इतके रुंद केले की चाक फळीच्या पूर्ण बाहेर जाईल, तर घासणार नाही, एवढं खरं. मग प्रत्येक ढकलण्याला तुमचा पाय चाकावर आपटेल, दुसरं कोपरही सोलेल.

तुमचा प्रश्न उंचीचा आहे. 52-53च्या चाकांसाठी असलेल्या ट्रक्सवर तुम्ही 60 चढवलीत, फळी आणि चाक यांच्यातली फट तेवढी कमी झाली. ट्रक आणि फळीच्या मधे रायझर नावाची सपाट पट्टी घाला, एक सूत जाडीची. बोल्ट एक इंची असतील तर एक इंच एक सुताचे घ्या. नाहीतर नट आट्यावर पुरता बसणार नाही आणि रस्त्यात निसटेल. मग फळीवर उभ्या राहून, कोणाच्या तरी खांद्याला धरून, पूर्ण वजन एका कडेवर टाका. खालून मैत्रिणीला बघायला सांगा. अजूनही चाक टेकत असेल तर किंगपिनचा नट थोडा आवळा, किंवा आणखी जाड रायझर घ्या. फळीखाली जिथे घासलं तिथे काळा डाग पडला असेल. त्यावर मेणबत्तीचं मेण घासून ठेवा, कधी टेकलंच तर चाक सरकेल, एकदम थांबणार नाही.

मऊ चाकं ठेवलीत ते उत्तम. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकवर 99ची कडक चाकं लावून बघा, दात खुळखुळतात. ती गुळगुळीत काँक्रीटसाठी. 78 ते 80 ए ची चाकं फटी गिळतात. पण दोन ब्लॉकमधली उचललेली कड कोणतंच चाक गिळत नाही, तिथे उतरून चाला.

पुढेमागे लाँगबोर्ड घेतलात तर तिथल्या ट्रक्सवर 150, 180 असे आकडे दिसतील. तेही हँगरचे मिलिमीटर. 180 साधारण नऊ ते दहा इंची फळीचे. तिथे किंगपिन बाहेरच्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे तुमचे सध्याचे ट्रक्स आणि ते यांची तुलना करू नका.

आणि पाम बीच रोडवर जाऊ नका. सकाळी सहाला रिकामा असतो, आम्ही जातो, हे मला कोणी सांगू नये. तिथल्या गाड्यांचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. आतले सेक्टरचे रस्ते धरा, पाच मिनिटं जास्त लागतील.

— — —

प्रश्न : नवे ट्रक्स लावले तर बोर्ड उलटाच वळतोय. डावीकडे कललो की उजवीकडे जातो. कंपनीकडे तक्रार करू का? — एक वाचक, खारघर

उत्तर : करू नकोस, लाज जाईल. ट्रक्स उलटे लावलेस. साध्या स्केटबोर्डला दोन्ही ट्रक्सचे किंगपिन बोर्डाच्या मध्याकडे, एकमेकांकडे तोंड करून असतात. बोल्ट काढ, फिरव, लाव. हे घडलेला तू पहिला नाहीस, उत्सव चौकाजवळच्या तुमच्याच टोळीतले आणखी दोघे माझ्याकडे येऊन गेलेत.

— — —

प्रश्न : वळताना ट्रक कुईं कुईं करतो. तेल घालू? — वाचक, पाचपाखाडी

उत्तर : तेल नको, ते रबराला खातं आणि धूळ धरतं. किंगपिनचा नट काढून हँगर वेगळा कर. त्याचं निमुळतं टोक ज्या वाटीत बसतं तो पिव्हट कप. अंगाचा साबण किसून त्यात चिमूटभर टाक. बुशिंगवरही थोडा चोळ. आवाज गेला नाही तर वाटी फाटलेली आहे.

— — —

प्रश्न : पावसाळ्यात बोर्ड दोन महिने गॅलरीत होता. आता चाकं फिरत नाहीत, ॲक्सलवर तांबूस पूड आहे. सगळं फेकायचं का? — वाचक, कोपरखैरणे

उत्तर : खाडीकाठी राहतो आपण, गॅलरीत लोखंड ठेवलं की हे होणारच. ट्रक्स फेकू नका. ॲक्सलवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, आट्यांवर दात घासायचा जुना ब्रश फिरवा, नट वर-खाली करून बघा. बेअरिंग आठही काढा, झाकण सुटत असेल तर सोडवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. गंज सोडवायचे फवारे मिळतात, ते फक्त सोडवण्यापुरते, तेल म्हणून त्यांवर विसंबू नका. फिरवल्यावर खरखर येत असेल ती बेअरिंग टाकून द्या आणि 608 मागा. भोक आठ मिलिमीटर, बाहेरून 22, जाडी सात. हेच माप पंख्या-मोटारींच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतं, पण दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली मागा.

— — —

प्रश्न : ट्रक्स घरी बसवायचे आहेत. सोसायटीच्या प्लंबरचा ॲडजस्टेबल पाना वापरला तर चालेल? — वाचक, कळवा

उत्तर : चाकाच्या नटाला चालेल, किंगपिनला नाही. मिलिमीटरच्या पान्यांचंही सांगते : चाकाचा नट अर्धा इंची, त्याला 13चा पाना किंचित सैल पण बसतो. फळीच्या बोल्टचे नट बारीक, त्यांना 10चा थोडा सैल बसतो, पण काम होतं. किंगपिनचा नट 9/16 इंची, म्हणजे 14.3 मिलिमीटर. त्याला 14चा अडतो आणि 15चा घसरतो, दोन वेळा घसरला की नटाच्या कडा गोल. जुन्या गॅरेजवाल्याकडे इंची पाने असतात, एक दिवस मागून आणा. नाहीतर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं स्केट टूल घ्या, त्यात तिन्ही मापं असतात. बोल्ट आवळताना आधी चारही हाताने बसवा, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा धरत आवळा. डोकी ग्रिप टेपच्या (फळीवर चिकटवलेल्या खरखरीत कागदाच्या) पातळीला आली की थांबा, फळीत रुतवू नका. चाकाचा नट पूर्ण आवळून पाव फेरी मागे घ्या, आणि चाकाच्या दोन्ही अंगांचे ते पातळ वॉशर जमिनीवर सांडू देऊ नका, ते फरशीच्या रंगाचेच असतात.